मगर कोणत्या रकान्यात लिहायची?

आमच्या सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असते. नाव, गाडी नंबर, कोणाकडे, यायची वेळ, जायची वेळ, सही. बडोद्यातल्या २०२४ च्या पुराचं पाणी ओसरून आठवडा होत आला होता आणि गणपती दोन दिवसांवर आले होते. त्या रात्री रात्रपाळीच्या वॉचमनकाकांनी वहीत केलेली नोंद आम्ही अजून पाहुण्यांना काढून दाखवतो. नाव: मगर. गाडी नंबर: आडवी रेघ. कोणाकडे: आडवी रेघ. यायची वेळ ३.१०, जायची वेळ ५.४०. सहीच्या जागी तिला उचलून नेणाऱ्या स्वयंसेवक पोराची सही, कारण काकांच्या मते रकाना रिकामा सोडून चालत नाही.

त्याच रात्रीची आणखी एक नोंद आहे. वर्गणी काढून बसवलेल्या आमच्या ‘हुशार’ कॅमेऱ्याने ३.०४ ला सेक्रेटरींच्या फोनवर निरोप पाठवला: ‘पार्किंगमध्ये वाहन’. सेक्रेटरी झोपले होते. जागे असते तरी त्यांनी तो उघडला नसता, कारण रोज रात्री असे चाळीसेक निरोप येतात आणि जवळजवळ सगळे कुत्र्यांचे असतात. पार्किंगमध्ये कोणी हललं की आपोआप लागणारा दिवाही आहे. तो लागलाच नाही. सात फुटांचं जनावर मंडपाच्या बांबूंमधून आणि चार स्कूटरींच्या मधून सरपटत गेलं आणि दिव्याला पत्ता नाही.

थोडक्यात, एकाच मगरीला माणसाने ‘पाहुणा’ लिहिलं, एका यंत्राने ‘वाहन’ म्हटलं आणि दुसऱ्या यंत्राच्या लेखी ती आलीच नाही.

माणूस, इतर जीव आणि यंत्रं यांनी एकत्र कसं नांदायचं यावर हल्ली खूप बोललं जातं. ‘सहजीवन’ म्हटलं की दया, प्रेम, भूतदया असे शब्द मागोमाग येतातच. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढते, आणि आमच्याकडे कुठलंही काम एका साध्या यादीने सुरू होतं: ही जागा वापरणार कोण? यादीत म्हातारी माणसं असली की जिन्याला दोन्हीकडून कठडा येतो. शाळेतली पोरं असली की बेसिन खाली उतरतं. जो यादीत नाही त्याच्यासाठी कागदावर काहीच उमटत नाही. तो यायचा मात्र राहत नाही. बडोद्यातल्या नदीकाठच्या यादीत मगर लिहिली की ड्रॉइंग कुठे कुठे बदलतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी त्या दिव्याचं. तो पेटवणारा सेन्सर बघत नाही, त्याला फक्त उष्णता कळते. आजूबाजूपेक्षा गरम असलेलं काहीतरी समोरून सरकलं की तो दिवा लावतो. माणूस ३७ अंशांचा, कुत्रा त्याहून थोडा गरम, त्यामुळे दोघे लगेच सापडतात. मगरीला आपण थंड रक्ताची म्हणतो, पण तिचं रक्त काही बर्फासारखं नसतं. स्वतःच्या अंगाची उष्णता स्वतः राखायची सोय तिच्याकडे नाही, एवढाच त्याचा अर्थ. भोवताल जेवढा तेवढी ती. म्हणूनच थंडीत काठावर तास न् तास ऊन खात पडलेली दिसते. भाद्रपदातल्या उकाड्याच्या रात्री पार्किंगची फरशी आणि मगर जवळपास सारख्याच गरम, मग सेन्सरला ती फरशीचाच तुकडा वाटली तर नवल नाही. आणि कॅमेरा? तो लाखो फोटो बघून शिकलेला असतो, आणि ज्या कप्प्यांची नावं त्याला दिली त्यांतच तो समोरचं बसवतो. लांब, बुटकं, संथ सरकणारं असं काही त्याला बहुधा कोणी दाखवलंच नव्हतं.

गंमत अशी की मगर शोधायचं सर्वांत भरवशाचं साधन अजूनही बॅटरी आणि माणसाचा डोळा. तिच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. रात्री त्यावर झोत पडला की निखाऱ्यासारखे दोन ठिपके चमकतात. मगरींची मोजणीही अशीच होते: रात्री ठिपके मोजायचे, दिवसा ऊन खाणाऱ्या मगरी मोजायच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत विश्वामित्रीच्या शहरातल्या पट्ट्यात अशा मोजणीत चारशेच्या वर मगरी निघाल्या. लाखांच्या वस्तीच्या अगदी मधून वाहणाऱ्या नदीत. बाहेरगावचे पाहुणे हा आकडा ऐकून आपल्याकडे जसं बघतात, त्याची बडोदेकरांना सवय झाली आहे.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहरातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. सयाजीराव महाराजांनी बांधलेला आजव्याचा तलाव भरला की जादाचं पाणी हिच्यातच येतं. खाली ढाढरला पूर असेल तर हिचं पाणी पुढे सरकत नाही आणि तुंबतं. २०२४ च्या ऑगस्टअखेर काळा घोडा पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि अर्धं शहर पाण्यात बसलं. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या गेल्या. सर्वांत लहान दोन फुटांची, सर्वांत मोठी १४ फुटांची. शहरातल्याच अकोटा भागात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तुमच्याही फोनवर आला असेलच. त्या दिवसांत सगळे म्हणत होते, मगरी शहरात शिरल्या. मगरीच्या बाजूने बघितलं तर तिचं घर आधी बुडालं. पोहत बसण्यापेक्षा तिने काठाला लागायचं ठरवलं, आणि तो काठ नेमका कोणाच्या तरी व्हरांड्यात निघाला.

तेव्हा हिला लागतं तरी काय? यादीत नाव लिहिलं की गरजाही लिहाव्या लागतात. पाणी लागतंच, पण ते बऱ्यापैकी घाण असलं तरी ही भागवून घेते, हे आपल्या नदीने सिद्ध केलंय. मासे, कासवं, वाहून आलेलं मेलेलं जनावर, काहीही चालतं. तिचं खरं अडतं ते मातीपाशी. मगर काठाच्या मातीत कित्येक मीटर लांब बिळं खणते. कडक उन्हात आणि गारठ्यात आत जाऊन बसते. अंडीही मातीतच. फेब्रुवारी-मार्चपासून मादी पाण्याच्या पातळीच्या वर मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती ओढून घेते. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं आतून आवाज काढतात, मादी खड्डा उकरते आणि त्यांना चक्क जबड्यात घेऊन पाण्यापर्यंत नेते. त्याच जबड्यात.

त्या खड्ड्यातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती समजली तेव्हापासून मी ‘काठ’ हा शब्द वेगळ्या नजरेने बघते. मगरीचं पिल्लू नर की मादी हे अंडं घालताना ठरलेलं नसतं. ते मातीच्या तापमानावर ठरतं. ३१ अंशांपर्यंत अंडी उबली तर सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास उबली तर नर. फरक दीड अंशाचा! काठावरची बाभूळ तोडली, सावली गेली, शेजारी काँक्रीट तापायला लागलं, तर आपण एका पिल्लालाही हात न लावता त्यांच्या पिढीचं गणित बदलू शकतो. ड्रॉइंगमध्ये झाडं आम्ही बहुतेक वेळा शेवटी, उरलेल्या जागेत, हिरव्या गोळ्यांनी दाखवतो. यापुढे तो गोळा काढताना हात थोडा अडखळेल.

आता पोकलेन आणा या चित्रात. नदीतला गाळ कधी काढायचा? पावसाळ्यात शक्य नाही. थंडीत निविदा आणि मंजुऱ्यांत दिवस जातात. कामाला उरतो मार्च ते जूनचा सुरुवातीचा काळ: पात्र कोरडं, माती घट्ट, यंत्र खाली उतरतं. म्हणजे नेमके तेच महिने, जेव्हा काठाच्या पोटात अंडी आहेत. यात कोणाचा दुष्टपणा नाही. दोघांनीही पावसाकडे बघून आपापलं वेळापत्रक लावलंय आणि ती दोन्ही वेळापत्रकं एकमेकांवर बसली आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात महापालिकेने शहरातलं पात्र खोल आणि रुंद करायचं मोठं काम काढलं तेव्हा हाच पेच सगळ्यांपुढे होता. पूर बघितलेल्या माणसाला ‘गाळ काढू नका’ सांगायची माझी हिंमत नाही. आमच्या तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रीज, दिवाण आणि सुनेच्या लग्नातले शालू पाण्यात गेले, त्यांना तर मुळीच नाही.

पण यंत्र कसं चालवायचं हे ठरवता येतं. पोकलेनची बादली एका घासात मीटरभर माती उचलते आणि अंडी असतात हातभर खोल. केबिनमधल्या चालकाला त्या घासात काय आलं हे कळायला मार्ग नाही, म्हणून बघणारा माणूस केबिनच्या बाहेर, पायी, यंत्राच्या आधी चाललेला हवा. ताजी उकरलेली माती, पोट घासत गेल्याची खूण, शेपटीची रेघ ओळखणारा. सापडलेल्या जागेवर काठी आणि फडकं लावलं की तेवढा तुकडा पाऊस तोंडावर येईपर्यंत सोडायचा. एका वेळी एकच काठ खणायचा, म्हणजे बिळातून निघालेल्या मगरीला समोरचा काठ मोकळा राहतो. दोन्ही बाजूंनी एकदम यंत्रं लावली तर काम लवकर संपेल आणि मगर वस्तीत निघेल. या सगळ्यात महागडं तंत्रज्ञान एकही नाही. कामाचा क्रम आणि एका माणसाची मजुरी, बस्स. निविदेच्या कागदात ही दोन वाक्यं नसली तर ठेकेदार ती स्वतःहून का करील?

मग काठ कसा बांधायचा? सरळसोट भिंत नकाशावर स्वच्छ दिसते आणि जागा कमी खाते. पण पुरात वाहत आलेल्या मगरीला भिंतीवर चढता येत नाही. ती वाहत वाहत पुढे जाते आणि जिथे चढायला उतार मिळेल तिथे बाहेर येते. शहरात उतार कुठे असतो? घाटावर, धोबी कपडे धुतात तिथे, नाहीतर एखादी कांस नदीला मिळते त्या तोंडाशी. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा जुना ओहोळ. आमच्याकडची भुखी कांस प्रसिद्ध आहे, आणि नाव भुखी असलं तरी पावसाळ्यात तिचं पोट फार भरतं.) म्हणजे भिंत बांधून आपण मगरीला बरोबर तिथेच धाडतो जिथे माणसंही पाण्यात उतरतात. त्याऐवजी एक मीटर उंचीला दोन-तीन मीटर पसरट असा मातीचा उतार, त्यावर गवत आणि झाडं, पाऊलवाट मात्र वर, पूररेषेच्या कडेने. जिथे माती टिकतच नाही तिथे जाळीत बांधलेले दगड घाला, पण अधूनमधून मातीची तोंडं ठेवा. याला जागा जास्त लागते हे खरं. नदीकाठची कोतरं, म्हणजे त्या वळणावळणाच्या मातीच्या घळी, हीच ती जागा होती. पूर आला की पाणी तिथे पसरायचं आणि मगरीही तिथेच सरकायच्या. भराव टाकून त्या आपणच सपाट केल्या आणि प्लॉट पाडले. आमची सोसायटीही अशाच भरावावर उभी असावी अशी मला दाट शंका आहे.

‘एवढी डोकेफोड कशाला, पकडून लांब नेऊन सोडा’ हा प्रस्ताव आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा ते तुमच्या-माझ्या मर्जीचं काम नाही. शिवाय मगरींना घर कळतं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या होत्या. त्यांतली एक समुद्रातून ४०० किलोमीटरहून जास्त पोहून आपल्या नदीत परत आली. आपली मगर त्यांची चुलतबहीण. आणि एक काढली की रिकाम्या जागेवर दुसरी येते, हे कोणत्याही भाडेकरूला समजेल.

माणसांकडेही बघायला हवं, कारण मगरीने माणूस ओढल्याच्या घटना विश्वामित्री आणि ढाढरच्या काठच्या गावांत घडल्या आहेत, माणसं गेली आहेत. ओढली जातात ती काळा घोडा पुलावर थांबून व्हिडिओ काढणारी नव्हेत. मासे धरणारी, कपडे धुणारी, जनावरं पाण्यावर नेणारी, ज्यांच्या घरी नळ किंवा संडास नाही ती. म्हणून मगरींसाठी केलेली पहिली व्यवस्था कित्येकदा घरातला नळ ही असते. जिथे नदीवर जायलाच लागतं तिथे श्रीलंकेत जुनी युक्ती आहे: नदीच्या काठाला पाण्यातच जाड बांबू-खांब रोवून खोलीएवढा चौकोन घेरतात, पाणी आत-बाहेर वाहतं आणि मगर बाहेरच राहते. त्याच्याच आत आंघोळ, तिथेच कपडे. ओडिशात भितरकनिकाच्या गावांत वनखात्याने घाटांना अशी कुंपणं घातली आहेत. शहरात याच्या जोडीला मटणाचा कचरा नदीत पडणं थांबवा. जिथे रोज ताट वाढलं जातं तिथे पंगत बसणारच.

इथून तासाभरावर चरोतरात, आणंद-खेडा जिल्ह्यांकडे, गावच्या तळ्यात मगर आणि तळ्याकाठी गाव असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मगर हे खोडियार मातेचं वाहन. आपल्या आज्यांनी गजेंद्रमोक्षातला हत्तीचा पाय धरणारा नक्र सांगितला, त्यांच्या आज्यांनी देवीला पाठीवर घेणारी मगर सांगितली, आणि त्याचा फरक पडतोच. पण तिथे केवळ श्रद्धेवर चालत नाही. कोणत्या कोपऱ्यात मगर ऊन खाते, कोणत्या वेळी म्हैस उतरवायची, अंड्यांच्या दिवसांत कुठल्या काठाला फिरकायचं नाही, हे पोराटोरांना पाठ असतं. म्हणजे वेळापत्रक आहेच, कागदावर नाही इतकंच. ‘पाण्यात राहून माशाशी वैर करू नये’ ही आपली म्हण तिथल्या तळ्यावर जशीच्या तशी पाळली जाते, फक्त मासा जरा मोठा आहे.

यंत्राला नीट शिकवलं तर ते उपयोगी पडतं, हेही सांगते, नाहीतर मी आमच्या कॅमेऱ्यावरचा राग काढतेय असं वाटेल. (थोडा काढतेय.) ईशान्येकडे रेल्वेने रुळांशेजारी जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या केबलचाच कान केला आहे. हत्तीचं पाऊल पडलं की जमीन हादरते, तो हादरा केबलमधल्या प्रकाशात उमटतो, आणि स्टेशनमास्तर-ड्रायव्हर यांना आधीच इशारा मिळतो. या व्यवस्थेचं नाव ‘गजराज’. तिथे यंत्राला आधी सांगितलं गेलं की हत्ती येणार आहे, त्याची चाल अशी असते. पेंचमध्ये नागपूर-जबलपूर हायवेवर तर ‘शिकवण्याचीही’ गरज पडली नाही. रस्ताच नऊ ठिकाणी उचलून घेतला, सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा, आणि खालून जंगल चालू ठेवलं. कॅमेऱ्यांत रानडुकरांपासून वाघांपर्यंत सगळे पुलाखालून जाताना दिसले. ट्रकवाल्याला वर काही कळतही नाही. मला ही दुसरी जात जास्त आवडते. इशारा देणाऱ्या व्यवस्थेला रोज कोणीतरी जागं लागतं, आणि आमच्या सेक्रेटरींचं तुम्ही वाचलंच.

तर आमच्या मीटिंगचं काय झालं? नदीकडची कंपाउंडची भिंत चार फूट वाढवायची असं एकमताने ठरत आलं होतं. मी म्हटलं, वाढवा, पण ती मगर पार्किंगमध्ये का सापडली याचा विचार करा. ती त्या रात्री भिंतीवरून आलीच नव्हती. पुरात पाणी भिंतीच्या वर होतं तेव्हा ती आत आली, पाणी उतरलं आणि आतच अडकली, आठवडाभर मागच्या करंजाखालच्या डबक्यात कोणाला न दिसता बसून राहिली. आत घेतं ते पाणी, आणि बाहेर जाऊ देत नाही ती आपली भिंत. ती आणखी उंच केली तर पुढच्या खेपेला नुसती जास्त पक्की अडकेल.

यावर तासभर वाद झाला. शेव-उसळ आली, संपली. पहिल्या मजल्यावरचे पटेलभाई म्हणाले, ‘म्हणजे बेन, आता मगरीसाठी दरवाजा करायचा?’ सगळे हसले. मी हो म्हटलं.

शेवटी अर्धं माझं झालं, अर्धं त्यांचं. भिंत वाढली. तिच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, जिथून पाणी आपोआप नदीकडे उतरतं, तिथे अडीच फुटांचं लोखंडी जाळीचं दार बसलं. एरवी कुलूप. पूर उतरायला लागला की वनखात्याला फोन करून दार उघडायचं आणि पार्किंगचे दिवे घालवून सगळ्यांनी वर जायचं. हालचाल ओळखणारा सेन्सर काढला, त्याच्या जागी साधं बटण आलं आणि काकांच्या हातात एक मोठी बॅटरी. वहीत रकाना वाढवायचं राहून गेलं, छापील वह्या दोन वर्षांच्या एकदम आणल्या होत्या.

गेटवरच्या केबिनमध्ये खिळ्यांवर किल्ल्या टांगलेल्या असतात: पंप, गच्ची, मीटर रूम, क्लब हाउस. पाचव्या खिळ्यावर काकांनी स्केचपेनने चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय, ‘मगर’.